‘एवढ्या माध्यमांना कोण विकत घेणार?’

माध्यमांवर दबाव आहे असं कुणी म्हटलं की ग्रुपवर एक ठरलेला मजकूर येऊन पडतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा हा: ‘देशात लाखाच्या वर वर्तमानपत्रं आणि शेकडो वाहिन्या आहेत, एवढ्यांना कुणी विकत घेऊ शकत नाही. वाचकाला पटलं नाही तर पेपर बंद पडतो, म्हणजे खरा मालक वाचकच. जाहिरात हा साधा धंदा, तिचा बातमीशी संबंध नाही. आणीबाणीनंतर या देशात सेन्सॉरशिप नाही. बिघडले असतील तर पत्रकार बिघडलेत, टिळकांच्या काळची ध्येयनिष्ठा उरली नाही. आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, त्यामुळे काही दाबलं जातं ही हरलेल्यांची रड आहे.’

गंमत अशी की सरकार बदललं की हा मजकूर पाठवणारे बदलतात, मजकूर तोच राहतो. कालपर्यंत त्याला हसणारे आज तो फॉरवर्ड करतात. काही वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काढल्यामुळे मला यातली जवळपास प्रत्येक ओळ खटकते. तेव्हा ओळीओळीने बोलू.

‘लाखाच्या वर वर्तमानपत्रं आहेत’

आकडा खरा आहे. वर्तमानपत्रांच्या निबंधकांकडे १ लाख ४० हजारांहून अधिक नियतकालिकांची नोंद आहे आणि परवानगी मिळालेल्या खासगी उपग्रह वाहिन्या ९००च्या आसपास आहेत. पण नोंद शीर्षकाची होते, वाचकांची होत नाही. यातली कितीतरी वर्तमानपत्रं म्हणजे नुसत्या फाइल कॉप्या. सरकारी यादीवरचं नाव टिकावं आणि जाहिरात मिळावी एवढ्यापुरत्या प्रती निघतात, त्या कार्यालयांत पोचतात आणि तिथल्याच रद्दीत जातात.

प्रत्यक्षात वाचल्या जाणाऱ्या मराठी पेपरांची यादी हाताच्या बोटांवर मावते. ‘सकाळ’ नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये काढला, १९८५ मध्ये तो पवार कुटुंबाकडे गेला. ‘लोकमत’ दर्डा कुटुंबाचा. जवाहरलाल दर्डा राज्यात काँग्रेसचे मंत्री होते, विजय दर्डा राज्यसभेत होते, राजेंद्र दर्डा मंत्री झाले. ‘सामना’ शिवसेनेचा, ‘प्रहार’ नारायण राणे यांनी सुरू केलेला. शेवटच्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. पक्षाचं मुखपत्र आहे हे वाचकाला माहीत असतं, तो त्या हिशेबाने मीठ घालून वाचतो. अडचण होते ती मालकाचं राजकारण किंवा दुसरा धंदा पानावर कुठेच दिसत नाही तेव्हा.

वाहिन्यांचंही तसंच. ‘नेटवर्क १८’ २०१४ मध्ये रिलायन्सकडे गेलं. त्याच समूहाचं मराठी चॅनेल तेव्हा ‘आयबीएन लोकमत’ होतं, आज ‘न्यूज १८ लोकमत’ आहे. एनडीटीव्ही २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेलं आणि २०२४च्या महाराष्ट्र दिनी त्याचं मराठी चॅनेल सुरू झालं.

एनडीटीव्हीचा व्यवहार कसा झाला ते नीट पाहण्यासारखं आहे. २००९-१० मध्ये प्रवर्तक रॉय दांपत्याच्या कंपनीने विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या कंपनीकडून सुमारे ४०० कोटी रुपयांचं कर्ज घेतलं. ते कर्ज शेअरमध्ये बदलून घेण्याचा हक्क करारात होता. पुढे बारा-तेरा वर्षं तो कागद पडून राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधान ही कंपनीच विकत घेतली, तो हक्क वापरला आणि एनडीटीव्हीच्या २९.१८ टक्के हिश्शापर्यंत पोचले. मग बाकीच्या भागधारकांसाठी खुली ऑफर आली, आणि डिसेंबरअखेरीस रॉय दांपत्याने आपला बहुतेक हिस्सा विकला. यासाठी एकाही वार्ताहराला पाकीट द्यावं लागलं नाही. ‘कुणी विकत घेऊ शकत नाही’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाकीट घेणारा पत्रकार असतो, म्हणून त्यांना कर्जाचा कागद दिसत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर सविस्तर शिफारशी केल्या. राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी जोडलेल्या संस्थांना प्रसारणापासून दूर ठेवा, उद्योगसमूहांच्या माध्यमांतल्या प्रवेशावर मर्यादा घाला, असं त्यात स्पष्ट होतं. त्यांचा कायदा झालेला नाही.

‘खरा मालक वाचकच’

हे वाक्य ऐकायला छान वाटतं आणि हिशेबात कुठेही बसत नाही. मराठी दैनिक कटिंग चहापेक्षा स्वस्त मिळतं. त्या चार-पाच रुपयांतून विक्रेत्याचं आणि एजंटाचं कमिशन जातं, वाहतूक जाते. उरलेल्या पैशात कागदसुद्धा निघत नाही. छपाई, पगार, भाडं यांची गोष्टच सोडा. हा खड्डा जाहिरात भरते. ‘टाइम्स’ समूहाचे विनीत जैन २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ला अगदी मोकळेपणाने म्हणाले होते की आम्ही वर्तमानपत्राच्या धंद्यात नाही, जाहिरातीच्या धंद्यात आहोत. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. निदान वाचकाची फसवणूक नाही.

याच समूहाने २००५च्या सुमारास ‘प्रायव्हेट ट्रीटी’ हा प्रकार आणला. कंपनीने पैशांऐवजी स्वतःचे शेअर द्यायचे, बदल्यात पेपर जाहिरात देणार. म्हणजे त्या कंपनीचा शेअर वर राहण्यात पेपरचाही फायदा. आता त्याच कंपनीच्या ताळेबंदातली भानगड अर्थपानावर कोण छापणार? शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीला याची दखल घ्यावी लागली, आणि २०१०मध्ये अशा हितसंबंधांचा उल्लेख बातमीसोबत करणं बंधनकारक झालं. तसा उल्लेख तुम्ही शेवटचा कधी वाचला ते आठवून पाहा.

शिवाय कागद. २०१९च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्रांच्या कागदावर १० टक्के आयात शुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं. युक्रेन युद्धानंतर कागद आणखी महागला, कारण रशिया हा मोठा पुरवठादार. अशा वेळी पेपर किंमत वाढवून वाचकाकडे जात नाहीत, वाचक तुटेल अशी धास्ती असते. ते दिल्लीला जातात, सवलत मागतात. कोविडच्या काळातही मालकांच्या संघटनेने सरकारकडेच मदत मागितली. ज्याच्याकडे हात पसरायचा त्याच्यावर दुसऱ्या दिवशी अग्रलेख कोणत्या भाषेत निघेल?

पेपर बंद पडतो म्हणे वाचकाला आवडलं नाही की. ‘मुंबई मिरर’चं दैनिक डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं तेव्हा ते लोकांना आवडत नव्हतं का? वाचक होते, जाहिरात आटली होती.

‘जाहिरात वेगळी, बातमी वेगळी’

इथे जरा थांबतो, कारण सगळा मामला इथेच आहे, आणि तो मुंबईतल्या काचेच्या इमारतीपेक्षा तालुक्याच्या गावात जास्त स्वच्छ दिसतो.

तालुका वार्ताहर हा बहुतेक पेपरांत पगारी माणूस नसतो. नाममात्र मानधन, ओळखपत्र, आणि जाहिरातीवर कमिशन. वर्षातून एकदा वर्धापनदिनाची पुरवणी निघते, तिचं टार्गेट त्याच्या गळ्यात पडतं. दिवाळी, पंधरा ऑगस्ट, नेत्याचा वाढदिवस ही टार्गेटं वेगळी. तालुक्यात जाहिरात देऊ शकेल असा माणूस कोण? नगराध्यक्ष, बाजार समितीचा सभापती, साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, एखादा बिल्डर, एखादा क्लासवाला. आता तालुक्यात बातमी कुणाची होते? याच माणसांची. ज्याच्याकडे सकाळी जाहिरातीच्या थकलेल्या बिलासाठी जाऊन बसायचं, त्याच्याच पतसंस्थेतल्या ठेवी अडकल्याची बातमी संध्याकाळी पाठवायची. हे ज्याला जमतं त्याला माझा नमस्कार. अशी माणसं आहेत, पण सगळी पत्रकारिता नमस्काराच्या लायकीच्या माणसांवर चालवता येत नाही.

मी डेस्कवर होतो तेव्हाचा प्रसंग सांगतो. एका साखर कारखान्याने ऊसबिलं थकवल्याची बातमी आली होती. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे उसाच्या ठरवून दिलेल्या किमान दराचे पैसे द्यायचे असतात, इथे गाळप आटोपत आलं तरी पहिल्या पंधरवड्याचा पत्ता नव्हता. वार्ताहराने वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो, शेतकऱ्यांची नावं, सगळं व्यवस्थित पाठवलेलं. बातमी पानावर लागली. रात्री जाहिरात विभागाकडून पुढच्या दिवसांचा प्लॅन आला, त्यात कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचं पूर्ण पान होतं. कुणी ‘बातमी काढा’ म्हणालं नाही. वृत्तसंपादक फक्त म्हणाले, “कारखान्याची बाजू आलेली नाही ना? मग उद्या बघू, आज होल्ड.” बाजू मागायला वार्ताहर फोन करतच होता, तिकडून कुणी उचलत नव्हतं. वाढदिवस झाला, पान छापून झालं, मग बातमी लागली. सिंगल कॉलम, आतल्या पानावर, कारखान्याचं नाव जाऊन त्या जागी ‘जिल्ह्यातील काही कारखाने’.

नियमावर बोट ठेवलं तर त्या रात्री काहीच चुकलं नव्हतं. दुसरी बाजू घ्यायलाच हवी. आदेश नव्हता, धमकी नव्हती, लाच नव्हती. म्हणून ‘दबाव असेल तर पुरावा दाखवा’ असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. न छापलेल्या बातमीचं कात्रण कुठून आणायचं?

कधीमधी मात्र कात्रणं सापडतात. ऑक्टोबर २००९ची विधानसभा निवडणूक आठवा. मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर स्तुतीची पानंच्या पानं निघाली, ‘अशोकपर्व’ अशा मथळ्यांखाली. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिलं की ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत चव्हाणांवरचा एक लेख शब्दशः सारखा होता. तीन पेपरांतल्या तीन माणसांना एकाच वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने सुचले म्हणायचं. तिकडे चव्हाणांनी दाखल केलेल्या निवडणूक खर्चात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये आणि केबलचा ६,०००. नांदेडात तेवढ्यात धड मंडपसुद्धा उभा राहिला नसता.

पुढचं जास्त बोलकं आहे. चव्हाणांनी आरोप नाकारले, पेपरांनी स्वतःहून छापलं म्हणाले. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये खर्चाचा हिशेब बरोबर नसल्याचा ठपका ठेवून नोटीस दिली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण त्या मजकुरासाठी चव्हाणांनी पैसे दिले किंवा संमती दिली हे सिद्ध होत नव्हतं. कायद्याने प्रकरण संपलं, आणि निकाल मान्य केलाच पाहिजे. पण मग तो लेख तीन ठिकाणी कसा पोचला, हा प्रश्न वाचकासाठी जिथल्या तिथे आहे.

२००९च्या त्या निवडणुकीच्या सुमारासच प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये प्रसिद्ध केला तो मात्र छाटलेला, नावं गाळलेला मजकूर. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ साल उजाडलं. प्रेस कौन्सिलवर वृत्तपत्रांच्या मालकांचेही प्रतिनिधी असतात, एवढं लक्षात घेतलं की कात्री कुठून आली याचा अंदाज येतो. त्यातून कौन्सिलचा अधिकार तरी केवढा? ताशेरे ओढणं. दंड नाही, शिक्षा नाही.

आता सरकारी जाहिरात. सरकारने योजना लोकांपर्यंत पोचवायला जाहिरात करू नये असं कोण म्हणेल? प्रश्न पैसा कुणाला आणि केव्हा मिळतो हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, लाडकी बहीण योजनेच्या प्रसिद्धीला राज्य सरकारने सुमारे २०० कोटींची मंजुरी दिली. पेपर आणि वाहिन्यांना त्या हंगामात याहून मोठं गिऱ्हाईक कोण मिळणार होतं? आणि मार्च २०२५ मध्ये माध्यमांत काय येतंय यावर नजर ठेवणाऱ्या केंद्रासाठी १० कोटी मंजूर झाले. एका हाताने जाहिरात, दुसऱ्या हाताने कात्रणांची वही.

नळ बंद करण्याची उदाहरणंही आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुलवामानंतर, ‘ग्रेटर काश्मीर’ आणि ‘काश्मीर रीडर’च्या सरकारी जाहिराती थांबल्या. १० मार्चला खोऱ्यातल्या अनेक दैनिकांनी पहिलं पान कोरं सोडून निषेध केला. त्याच वर्षी जूनमध्ये ‘टाइम्स’, ‘द हिंदू’ आणि ‘टेलिग्राफ’च्या केंद्रीय जाहिराती बंद झाल्याचं त्या समूहांतल्या अधिकाऱ्यांनी रॉयटर्सला सांगितलं. ‘द हिंदू’मध्ये त्याआधी राफेलच्या कागदपत्रांची मालिका येऊन गेली होती. मोठ्या समूहांना हे सोसतं. ज्यांच्या महिन्याच्या हिशेबात अर्धा भाग सरकारी दर्शनी जाहिराती आणि टेंडर नोटिसांचा आहे, अशा जिल्हा दैनिकाला नळ बंद करायचीही गरज नसते. मागची बिलं अडकवून ठेवली तरी पुरतं.

‘आणीबाणीनंतर सेन्सॉरशिप नाही’

सेन्सॉर अधिकारी नाही, हे खरं. २५ जून १९७५च्या रात्री दिल्लीतल्या पेपरांची वीज तोडली होती, तसं आज कुणी करत नाही. पण पेपरचा गळा मजकुरापेक्षा हिशेबात जास्त सोपा आवळता येतो, हे सरकारांना आणीबाणीच्या आधीपासून ठाऊक आहे. आणि ते न्यायालयात मांडणारा पेपर मराठी होता. १९५६च्या कायद्याने आणि १९६०च्या आदेशाने किती किमतीला किती पानं द्यायची हे सरकार ठरवणार होतं. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. पानं आणि किंमत बांधली की खप बांधला जातो आणि खप बांधणं म्हणजे अभिव्यक्ती बांधणं, या तर्काने १९६१च्या निकालात तो कायदा गेला. पुढे कागदाच्या कोट्यावरून १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात न्यायालयाने हीच दिशा धरली. माध्यमांवरचा आर्थिक दबाव ही हरलेल्यांची रड असेल तर सर्वोच्च न्यायालयही रडलं म्हणायचं.

आजची हत्यारं वेगळी आहेत. वाहिनीला परवाना लागतो, परवान्याच्या नूतनीकरणाला गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. जानेवारी २०२२ मध्ये केरळची ‘मीडिया वन’ वाहिनी याच कारणाने बंद केली गेली. कारण काय, ते वाहिनीलाही सांगितलं नाही, सरकारने बंद लिफाफा न्यायालयात दिला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली. चौदा महिने तलवार टांगती राहिली, ते पाहून बाकीच्या वाहिन्यांना काय समजायचं ते समजलंच. ‘दैनिक भास्कर’ने कोविडच्या दुसऱ्या लाटेत मृत्यूंचे आकडे आणि गंगेकाठचे मृतदेह यांच्या बातम्या जोरात दिल्या, जुलै २०२१ मध्ये समूहावर प्राप्तिकराचे छापे पडले. सरकार म्हणालं, छापे करचुकवेगिरीसाठी. असतीलही. उद्योगधंदे अनेक असणाऱ्या मालकाकडे शोधलं तर काहीतरी सापडतंच, म्हणूनच पेपरच्या मालकाचे इतर धंदे सत्तेला सोयीचे असतात.

हे एकाच पक्षाचं काम आहे असं मला म्हणायचं नाही. आंध्रात वायएसआर काँग्रेसच्या राज्यात तेलुगू देसमच्या बाजूच्या वाहिन्या केबलवरून गायब झाल्या, २०२४ मध्ये राज्य फिरल्यावर वायएसआर काँग्रेसच्या बाजूची ‘साक्षी’ वाहिनी गायब झाल्याची तक्रार आली. आपल्याकडे महाविकास आघाडीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, वांद्रे स्थानकाबाहेर गर्दी जमल्यावर ‘एबीपी माझा’च्या वार्ताहराला रेल्वेगाड्या सुरू होण्याच्या बातमीवरून अटक झाली, आणि नोव्हेंबरात अर्णब गोस्वामींना जुन्या प्रकरणात. त्या दोन्ही वेळी कोण टाळ्या वाजवत होतं ते ज्याचं त्याने आठवावं.

‘पत्रकारच बिघडलेत, टिळकांचा काळ गेला’

पहिली गोष्ट, ‘दबाव नाही’ आणि ‘पत्रकार विकले गेलेत’ ही दोन वाक्यं एकाच मजकुरात कशी नांदतात? विकले गेले तर विकत कुणी घेतलं?

टिळक-आगरकरांनी कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्याबद्दल आदर कमी व्हायचं कारण नाही. पण तो काळ हितसंबंधांवाचूनचा होता असं म्हणणं हा इतिहास नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून ते पाक्षिक उभं राहू शकलं. म्हणजे कुणाचा आवाज छापायचा हे जातीचं आणि पैशाचं बळ तेव्हाही ठरवत होतं. सोनेरी काळ कुणासाठी सोनेरी होता, एवढं विचारलं तरी पुरे.

आजच्या पत्रकाराला शिव्या घालण्यापूर्वी त्याचं नियुक्तीपत्र पाहावं. कंत्राट एक-दोन वर्षांचं, नूतनीकरण व्यवस्थापनाच्या मर्जीवर. पत्रकारांचे पगार ठरवणारा मजिठिया वेतन आयोग नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाला, मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०१४ मध्ये हरले, आणि तरीही वेतन मिळावं म्हणून पत्रकारांना पुन्हा अवमान याचिका कराव्या लागल्या. स्वतःचा पगार छापून आणू न शकणारा माणूस तुमच्या वतीने मंत्र्याला जाब विचारेल, ही अपेक्षा जरा जास्त आहे.

सत्तेला त्याची किंमत नेमकी माहीत असते. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची नगरमधली ध्वनिफीत फिरली. आपल्याविरुद्ध बातमी येऊ नये म्हणून पत्रकारांना चहाला न्या, ढाब्यावर न्या, असा कार्यकर्त्यांना सल्ला होता. पत्रकारांचा मान राखा एवढंच म्हणायचं होतं, असा खुलासा नंतर आला. मला राग सल्ल्यापेक्षा दराचा आला.

आणि चहाला न जाणाऱ्यांचं काय होतं? राजापूरचे शशिकांत वारिशे ‘महानगरी टाइम्स’साठी लिहायचे, बारसू रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या देत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची एक बातमी छापून आली. रिफायनरीचा समर्थक, गुन्हे नोंद असलेला माणूस बॅनरवर पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांसोबत झळकतोय, अशी ती बातमी. त्याच दिवशी पेट्रोल पंपाजवळ गाडीने वारिशेंना चिरडलं, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्यावर बातमी होती त्यालाच खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्येच केलेला आहे.

‘आता मोबाइल आहे, काही दाबता येत नाही’

या मुद्द्यात थोडा दम आहे. पेपरने दाबलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरतो, आणि त्यामुळे काही वेळा पेपरलाही झक मारत बातमी करावी लागते. ही सोय वीस वर्षांपूर्वी नव्हती.

पण मोबाइलवरचा मजकूरही कुणाच्या तरी मालकीच्या यंत्रावर असतो. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीचा गुजरात दंगलींवरचा माहितीपट माहिती-तंत्रज्ञान नियमांतले आणीबाणीचे अधिकार वापरून यूट्यूब आणि ट्विटरवरून काढायला लावला. त्याच वर्षी केंद्राने नियम बदलून स्वतःबद्दलची कोणती माहिती खोटी हे ठरवणारा सरकारी सत्यशोधन कक्ष आणला. कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या, अतुल चांदूरकरांच्या, मतानंतर तो नियम रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळ ‘विकटन’चं आख्खं संकेतस्थळ एका व्यंगचित्रावरून बंद झालं होतं.

आणि जाहिरात तिथेही पोचली आहे. उत्तर प्रदेश सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये डिजिटल धोरण जाहीर केलं, सरकारी योजनांचा प्रचार करणाऱ्या यूट्यूबरला महिन्याला ८ लाखांपर्यंत. तालुक्यातलं पोर्टल अजून तेवढं नशीबवान नाही. तिथला मुलगा हातात लोगोचा माइक घेऊन नगरपरिषदेच्या सभेला उभा असतो, त्याला कुणी पगार देत नाही. त्याचं पॅकेज पूर्वीच्या तालुका वार्ताहरासारखंच आहे: वाढदिवसाची क्लिप, उद्घाटनाचं लाइव्ह, आणि निवडणुकीत पॅनेलप्रमाणे दर. पुरवणीचं टार्गेट तेवढं गेलं.